एका नावाचा अहवाल

ऐप्पसी, म्हणजे आश्विन-कार्तिकाच्या सुमाराचा तमिळ महिना, लागला की आमच्या प्रयोगशाळेच्या खिडक्या फुगतात आणि पोंगलपर्यंत नीट लागत नाहीत. फ्रीजरच्या दारावर पाणी जमतं, नमुन्यांच्या नळ्यांवरची शाई पसरते, आणि डुकरं मरायला लागतात. पहिल्या तिन्ही गोष्टींची तक्रार आम्ही वरच्या कार्यालयाला कळवतो. चौथीची तक्रार घेऊन लोक आमच्याकडे येतात. दोन्हीकडे मिळणारं उत्तर साधारण एकच असतं, बघू.

महाराष्ट्रातला पाऊस संपला की आमचा सुरू होतो. दिवाळीला येताना छत्री घेऊन या, असं तिकडच्या पाहुण्यांना सांगितलं की त्यांना थट्टा वाटते. मग नरकचतुर्दशीला पहाटे तेल लावून न्हाणीघराबाहेर उभे असताना अंगणात गुडघाभर पाणी बघतात आणि गप्प होतात. यंदाही तसंच झालं. दिवाळी भिजली, फटाके सादळले, आणि सहा दिवसांनी षष्ठी आली.

या षष्ठीला आमच्या गावात दोन गोष्टी असतात. देवळादेवळांतून मुरुगनचा उत्सव असतो, त्याच्या उपासासाठी अर्धं गाव मांसाहार सोडतं. आणि आमच्या घरी अप्पांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, श्राद्ध असतं. गेली काही वर्षं या दिवसाला तिसरी एक गोष्ट जोडली गेली आहे. ती मी कुणाला सांगितली नव्हती.

मी पशुवैद्य. राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर. मराठ्यांच्या राज्यात कुणी पूर्वज कारकुनी करायला आला आणि परत जायचं राहून गेलं, एवढाच आमचा इतिहास. माझं लिहायचं मराठी नागपूरच्या वसतिगृहातलं आहे, बोलायचं आमच्या गल्लीतलं, आणि रागवायचं झालं की तमिळ. आई शेजारीपाजारी मला गुरांचा डॉक्टर म्हणते. गुरांत डुक्कर येतं का, हे आजवर कुणी विचारलं नाही, त्यामुळे तिला कधी खोटं बोलावं लागलेलं नाही. घरी परतल्यावर मागच्या दारानं यायचं, कपडे बादलीत टाकायचे, डोक्यावरून न्हायचं आणि मग कॉफी मागायची, हा आमच्यातला तह आहे. ती कधी विचारत नाही, मी कधी सांगत नाही. एकदाच म्हणाली होती, "मज अस्कं कळतं रे. वास सांगतो." अस्कं म्हणजे सगळं.

डुकरांच्या या मोसमाला जसं पावसाचं कारण आहे, तसं माणसांच्या देवभोळेपणाचंही आहे. दिवाळीपर्यंत मांसाला गिऱ्हाईक असतं. मग षष्ठीचे उपास, मग कार्तिगै महिन्यात काळी वस्त्रं नेसून शबरीमलैचं व्रत धरणारे. विक्री थांबते. विकायची जनावरं गोठ्यातच राहतात, खालून नवी पिल्लं वाढतात, आठांच्या जागेत चौदा होतात. फरशी वाळत नाही. थंडीनं ती एकमेकांच्या अंगावर चढून झोपतात, आणि एकाचा श्वास दुसऱ्याच्या नाकात जातो. खायला मात्र चंगळ असते, कारण लग्नं ऐप्पसीतही होतात आणि मंगल कार्यालयांतला उरलेला भात, सांबार, पायसम पिंपांतून तिथेच पोचतं. माझ्या पुतणीच्या लग्नातलं उरलेलं कुणी खाल्लं, हे मला ठाऊक आहे. खाणारीनं तृप्त होऊन डोळे मिटले होते, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. पाहुण्यांबद्दल तसं सांगता येणार नाही.

या गर्दीत जे विषाणू फिरतात त्यांतला एक अगदी घरगुती म्हणावा असा आहे, सर्को नावाचा. बहुतेक कळपांत तो असतोच. एकटा असला तर फारसं काही करत नाही. काही पिल्लं खंगतात, पाठीचा कणा दिसायला लागतो, अंग पांढरं पडतं. पण तो एक काम मन लावून करतो. शरीराच्या दारावरचा पहारेकरी झोपवतो. मग दुसरा कुणी येतो, बहुधा स्वाइन फीवर, आणि तो उघड्या दारानं आत शिरतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हा. पंचाईत अशी की दोघांची लक्षणं एकमेकांत मिसळतात, आणि शोधणाऱ्याला पहिला सापडला की आनंद होतो. उत्तर मिळालं, असं वाटतं.

अप्पा शाळेत गणित शिकवायचे. उत्तर आलं की पेन्सिल खाली ठेवणाऱ्या मुलाचा त्यांना राग यायचा. म्हणायचे, "उत्तर आलं म्हणून थांबलास कां? ताळा कोण करील, तुझा मामा?"

काही वर्षांपूर्वीच्या एका षष्ठीला सकाळीच तंगमणीअक्काचा फोन आला. पापनाशमच्या वाटेवर, कालव्यापलीकडे तिचं डुक्करपालन आहे. नवरा गेल्यानंतर तिनं एकटीनं उभं केलेलं, चाळीसेक पांढरी यॉर्कशायर. बाई वयानं माझ्याएवढीच, पण सगळे तिला अक्का म्हणतात, मीही. जनावरं खात नाहीत, सार, लवकर या, म्हणाली. तासाभरात पुन्हा फोन. मग पुन्हा.

श्राद्धाला अकरापर्यंत घरी पोचलं तरी चालणार होतं. वाध्यार, म्हणजे आमचे भटजी, बाराच्या आधी कधी येत नाहीत. मी आंघोळ करून गाडी काढली. आईनं दारातून विचारलं, "आज कोठें?" मी म्हटलं, "अर्ध्या वाटेवर. कुठं शिवत नाहीं."

अक्का फाटकाशी उभी होती. हातात काठी, डोक्यावर प्लास्टिकची पिशवी बांधलेली, पाऊस बारीक पडत होता. आमचं बोलणं अर्थात तमिळमधलं, मराठीत मी आणतो आहे.

"मागच्या शेडमध्ये एक डुकरीण मेलीय, सार. कान निळे पडलेत. येऊन बघता का?"

मी म्हटलं, "आज नको, अक्का. घरी तेवसम आहे, वडिलांचं."

तेवसम म्हणजे श्राद्ध. तो शब्द ऐकताच ती दोन पावलं मागं सरली, जणू तिच्याच अंगाचा विटाळ मला होणार होता. मग थोड्या वेळानं चाचरत पुन्हा म्हणाली, "दुरून बघितलं तर? दारातून?" मी नकारार्थी मान हलवली. ती म्हणाली, "बरोबर आहे. वडिलांचा दिवस. मी इथंच आणते."

आणि तिनं तीन खंगलेली पिल्लं एकेक करून उचलून फाटकाशी आणली, मी हातमोजे घालून रक्त काढलं. रक्त चालतं, प्रेत चालत नाही, असा शास्त्रार्थ मी माझा मीच लावला होता. कुठल्याही पोथीत तो सापडणार नाही. त्या डुकरिणीला उघडून बघायला मला तास लागला असता. घरी येऊन पुन्हा न्हायलो असतो तर वाध्यारांच्या आधी तयार झालो असतो. हे मला तेव्हाही दिसत होतं. पण त्या दिवशी आपण शुद्ध आहोत, ही भावना इतकी छान होती की ती मोडवेना.

दुसऱ्या दिवशी रक्तात सर्को सापडला. लक्षणं जुळत होती. मी अहवालात एक नाव लिहिलं, खाली सल्ला लिहिला: फरशी कोरडी ठेवा, गर्दी कमी करा. सर्कोसाठी हा सल्ला योग्यच आहे. कुठल्याही पुस्तकात तोच दिलेला असतो.

अक्का आज्ञाधारक. तिनं गर्दी कमी केली. चार चांगल्या दिसणाऱ्या डुकरिणी टेम्पोत घालून पापनाशमला धाकट्या बहिणीकडे, चेल्लम्माकडे, पाठवल्या. विकल्या नाहीत, दिल्या. चेल्लम्मा तेव्हा नवीनच या धंद्यात आली होती, अक्काच्याच सांगण्यावरून.

पुढच्या महिन्यात, कार्तिगै दीपाच्या सणाच्या सुमारास, चेल्लम्माकडची डुकरं पडायला लागली. मी गेलो. त्या दिवशी माझ्या घरी कुणाचंच श्राद्ध नव्हतं. मी आत गेलो, जमिनीवर गोणपाट अंथरून एक डुकरीण उघडली. प्लीहेच्या कडेला काळे त्रिकोण, मोठ्या आतड्यात शर्टाच्या बटणाएवढे गोल व्रण. यापुढे प्रयोगशाळेची गरज उरत नाही, तरी पाठवलं. स्वाइन फीवर, आणि सोबत सर्को. दोघंही. मोठ्या चार मेल्या, मग चेल्लम्माच्या स्वतःच्या, मग पिल्लं. शेवटी शेडमध्ये एक वराह उरला, तो उभ्यानं थरथरत होता. स्वाइन फीवरची लस असते. वेळेवर कळलं असतं तर अक्काकडचा कळप जागेवर थांबवता आला असता, इकडे लस टोचता आली असती. 'आला असता' आणि 'आली असती' ही आमच्या खात्याची आवडती क्रियापदं आहेत.

ऑफिसात येऊन मी फ्रीजर उघडला. अक्काच्या पिल्लांच्या तीन नळ्या तशाच होत्या, शाई पसरलेली. मी त्या दुसऱ्या चाचणीला लावल्या. दोन नळ्यांत दोन्ही निघाले. आधीपासूनच होते, एकाच नळीत शेजारी शेजारी, आणि मी एकाचंच नाव विचारलं होतं.

इथपर्यंत ही चूक आहे. चुका सगळ्यांच्या होतात, आणि मला तिच्याबद्दल लिहिताना फारसं काही वाटत नाही. पुढचं मात्र वेगळं आहे.

गोणपाट गुंडाळत असताना त्या दिवशी चेल्लम्मानं मला विचारलं होतं. उंच, हडकुळी बाई, बोलते फार कमी. "सार, अक्कानं तुम्हाला मेलेली दाखवली होती का? तिच्याकडे आधी एक मेली होती, असं टेम्पोवाला म्हणतो."

मी म्हटलं, "नाही. मी मेलेली बघितली नाही."

शब्द न् शब्द खरा. आई माझ्याबद्दल शेजाऱ्यांना जे सांगते त्याच जातीचा. चेल्लम्मानं मान हलवली आणि नळ सोडून हात धुतले. त्या दिवसापासून ती बहिणीशी बोलत नाही. अक्कानं मेलेली डुकरीण लपवली, डॉक्टरला फाटकाबाहेर उभं केलं, चांगला अहवाल मिळवला आणि रोगट माल बहिणीच्या गळ्यात मारला, असं सगळ्या नात्यात पसरलं. अक्काकडचीही निम्म्याहून जास्त मेली, पण ते कुणी मोजलं नाही. तिनं माझा तो एका नावाचा अहवाल लॅमिनेट करून घेतला आणि शेडमध्ये देवीच्या तसबिरीखाली टांगला. मी गेलो की बोट दाखवते: "सारनं लिहून दिलंय. माझ्याकडे दुसरा रोग नव्हता."

मी तो अहवाल बदलला नाही. एकदा गेलेला अहवाल बदलायचा तर तीन सह्या लागतात. खरं कारण हे नव्हे. मला लाज वाटली, आणि लाजेला तीन सह्यांचा आडोसा बरा पडला. दर ऐप्पसीत मी त्या शेडमध्ये जायचो, लॅमिनेशनखालची माझी सही बघायचो, ताप मोजायचो आणि यायचो. आता तर आफ्रिकेकडचा एक नवा ताप देशात आला आहे, त्याला लसही नाही, त्यामुळे आम्ही सगळं तपासतो, मेलेलं कुत्रं दिसलं तरी थांबतो. एवढे शहाणे आम्ही झालो आहोत. ज्यांच्या जिवावर झालो, त्यांना ते सांगायचं राहून गेलं.

यंदा दिवाळीच्या चार दिवस आधी अक्का प्रयोगशाळेत आली. डुकरांचं काही नव्हतं. हातात मुरुक्कूचा, म्हणजे इकडच्या चकल्यांचा, डबा, आणि घडी घातलेला एक कागद. मुलीचं लग्न ठरलंय, पोंगलनंतर, तै महिन्यात. पत्रिकेचा मजकूर कच्चा लिहून आणला होता. आमच्याकडे पत्रिकेवर सगळ्या जवळच्या नातेवाइकांची नावं छापतात, न छापलेलं नाव म्हणजे तोडलेलं नातं.

"एक विचारू का, सार? तुम्ही शिकलेले. चेल्लम्माचं नाव घालू की नको? घातलं आणि ती आली नाही, तर मांडवात सगळे विचारतील. नाही घातलं, तर मीच तोडलं असं होईल. छापखानेवाला षष्ठीनंतर दोन दिवस थांबतो म्हणालाय."

मी कागद उघडला. आईवडिलांच्या नावांखाली एक ओळ रिकामी सोडली होती.

"षष्ठीपर्यंत वेळ आहे ना," मी म्हटलं. ती मुरुक्कूचा डबा ठेवून गेली. मुरुक्कू फार चांगले होते. एक चाखून मी डबा शिपायाकडे दिला.

षष्ठीला दीड वाजता वाध्यार उठले. बोटातलं दर्भाचं पवित्र मी सोडलं. तीन पिंड, तीन पिढ्यांची नावं, गोत्रासकट, अप्पांचं सगळ्यांत आधी. कावळ्याला भात ठेवला, तो पावसामुळे बराच वेळ आला नाही, मग आला. जेवणं झाली. बाहेर कुठल्याशा देवळाच्या कर्ण्यावरून मुरुगनचं युद्ध सांगितलं जात होतं. मी शर्ट चढवला.

आई सुपारी कातरत होती. "कोठें निघालास?"

"पापनाशमास."

"श्राद्ध करून कोणी गाव ओलांडतं कां?"

ओलांडू नये, असा नियम आहे. तो खरोखर आहे, मी बनवलेला नाही. मी तिला सगळं सांगितलं. पहिल्यांदाच. डुकरीण, फाटक, नळ्या, दोन बहिणी. डुक्कर हा शब्द मी तिच्यासमोर इतक्या वेळा उच्चारला तरी तिनं कान झाकले नाहीत. शेवटी सुपारीचा डबा बंद करत म्हणाली, "अप्पांच्या नांवावर टाकलंस हें. त्यांना विचारलं होतंस?" मग म्हणाली, "छत्री ने."

पापनाशमला पोचलो तेव्हा पाऊस थांबला होता आणि भाताच्या शेतांत आभाळ पडलेलं होतं. चेल्लम्मानं दोन वर्षांपूर्वी पुन्हा तीन डुकरिणी घेतल्या आहेत. ती शेडमध्येच होती, एक व्यायली होती. मला फाटकाशी बघून तिनं हातानंच थांबवलं आणि येते म्हणाली. मी म्हटलं, मीच येतो. बूट औषधाच्या पाण्यात बुडवून आत गेलो. डुकरीण कुशीवर पडली होती, पिल्लं ओळीनं लागली होती, एक दुसऱ्याच्या डोक्यावर पाय देऊन पुढं घुसत होतं.

मी उभ्यानंच सांगितलं. अक्कानं मला मेलेली दाखवायला आत बोलावलं होतं, मीच गेलो नाही. घरी तेवसम होतं म्हणून. रोग तिच्याकडे आधीच होता आणि मी तो शोधला नाही. गर्दी कमी कर, असं मीच लिहून दिलं होतं. तुम्ही विचारलं तेव्हा मी निम्मं सांगितलं.

चेल्लम्मा पिल्लांकडे बघत होती. "तिनं तुम्हाला बोलावलं होतं?"

"हो."

"किती वेळा?"

"दोनदा."

ती मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं, म्हणून ओरडली नसावी. पदराला हात पुसून तिनं कोनाड्यातला फोन घेतला, थोडा वेळ बटणं दाबली आणि माझ्याकडे बघितलं. बहिणीचा नंबर तिनं पुसून टाकला होता. मी माझ्या फोनमधून आकडे सांगितले. तिनं स्पीकर लावून फोन पिल्लांच्या कठड्यावर ठेवला.

"हॅलो?" पलीकडून अक्का. मागं तिच्या शेडमधला कल्लोळ.

चेल्लम्मानं नाव सांगितलं नाही, कशी आहेस विचारलं नाही. "सारच्या घरी त्या दिवशी तेवसम होतं, म्हणून ते आत आले नाहीत. हे तू मला का नाही सांगितलंस?"

पलीकडे कुणीतरी बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"त्यांच्या अप्पाचा दिवस होता," अक्का म्हणाली. "मेलेल्या माणसाचं नाव आपल्या भांडणात कशाला ओढायचं?"

सकाळपासून मी ते नाव गोत्रासकट कितीदा तरी उच्चारलं होतं, हातात दर्भ घेऊन, शुद्ध होऊन. एवढी वर्षं ते सांभाळलं होतं अक्कानं, बहीण गमावून.

चेल्लम्मानं एक पिल्लू उचलून मागच्या आचळाला लावलं. "अकरा झालीत," ती फोनकडे वाकून म्हणाली. "बघायला ये. आणि पत्रिकेत माझ्या नवऱ्याचं नाव मागच्या वेळेसारखं चुकवू नकोस."

मी बूट धुवायला नळाकडे गेलो.